उथळ पाण्याची लांब काठी

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. दुसरा अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावरच्या डाब गावात. थंडीचा कडाका वाढला की डाबच्या गवतावरचं दव पहाटे गोठतं, मग पेपरात फोटो येतात आणि आमच्याकडचे लोक 'आपलं काश्मीर' म्हणून ते फोटो एकमेकांना पाठवत सुटतात. उन्हं वर आली की काश्मीर संपतं. तळी-नद्या मात्र गोठत नाहीत. तोरणमाळचा यशवंत तलाव एवढ्या उंचीवर आहे, पण त्याच्यावरून कुणी चालत पलीकडे गेल्याचं ऐकिवात नाही.

त्यामुळे गोठलेल्या तळ्यावर उभं राहून, बर्फाला भोक पाडून मासे कसे धरावेत यावर मी लिहायला बसणं म्हणजे जरा अतीच आहे. पण लिहिणार आहे. कारण मुद्दा बर्फाचा नाहीच, काठीचा आहे. आणि काठीचं आम्हाला थोडंफार कळतं. (अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गावच आहे. तिथल्या राजवाडी होळीला उंचच्या उंच बांबू माणसं हातानं उभा करतात आणि पहाटे होळी पेटते. कधी जमलं तर बघून या, मंडळी.)

तर झालं असं. माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. तिकडे डिसेंबरात तळी गोठतात आणि लोक त्यावर तंबू ठोकून मासे धरतात. हा आमचा भाचा, ज्याच्या घरी नाशकात मासा कधी दारातून आत आला नाही, तोही आता या नादाला लागला आहे. (ताई, तू हे वाचत असशील तर सांगतो, बर्फ किमान ४ इंच जाड असल्याशिवाय त्यावर चालू नये असं तिथलं सरकारी खातंच सांगतं आणि तो आधी भोक पाडून जाडी मोजतो. मी विचारून घेतलंय. कुठलाच बर्फ शंभर टक्के भरवशाचा नसतो असंही तेच खातं सांगतं, पण ते तुला सांगू नको म्हणाला होता.)

तिकडच्या बर्फावरच्या काठ्या अगदीच चिमुकल्या असतात. दोन-अडीच फूट, लाटण्याची मोठी बहीण म्हणा ना. का, तर माणूस तंबूत बसतो, भोक दोन पायांच्या मधोमध असतं, वर छत. तिथे लांब काठी फिरवायची कुठे? खाली वीस-तीस फूट पाणी असलं की मासा वर काय चाललंय याची फार फिकीर करत नाही, आखूड काठीनं भागतं. पण या वर्षी हा एका उथळ खाडीत जाऊन बसला. चार-पाच फूट पाणी. भोकातून मासे दिसायचे म्हणे! यायचे, आमिषाकडे बघायचे, आणि निघून जायचे. थोड्या अंतरावर एक म्हातारे गृहस्थ तंबू-बिंबू काही न घेता, भोकापासून चांगले दूर उभे राहून, छातीइतक्या लांब काठीनं एकामागून एक मासा वर काढत होते. भाच्यानं दुसऱ्याच दिवशी तशी चार फुटी काठी आणली, त्यालाही मासे लागले आणि त्यानं मला फोन केला. "मामा, हे उलटंच नाही का? पाणी जितकं कमी तितकी काठी लांब?"

मला हसू आलं. उलटं कसलं? तापीकाठच्या कुठल्याही भिल्लाच्या पोराला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं, म्हटलं. पण ते पोर काय सांगेल हे मी फोनवर सांगायला लागलो आणि अर्ध्या तासात जेमतेम निम्मं झालं. उरलेलं इथे.

माझं लहानपण प्रकाशाच्या अलीकडच्या एका खेड्यात गेलं. तेव्हा आमचा धुळे जिल्हा होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. तापी तेव्हा वाहती होती. पावसाळ्यात तिच्याकडे बघवायचं नाही, पण दिवाळीनंतर ती उतरायची, आणि उन्हाळ्यापर्यंत तिचे तुकडे व्हायचे. एक डोह, मग गुडघाभर पाण्याचा गोट्यांवरून खळखळणारा पट्टा, पुन्हा डोह. वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागायच्या. डोह हे भोईलोकांचे, त्यांच्याकडे जाळी होती. मधले उथळ पट्टे कुणाचेच नव्हते, म्हणजे ज्याच्याकडे काही नाही त्याचे होते.

आमच्या शेतावर एक सालदार होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, आखाजीला साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला सुटतं. आम्ही मुलं त्यांना बाबा म्हणायचो. जातीनं भिल्ल, बोलणं आमच्याशी अहिराणीत. त्यांच्या झोपडीच्या आढ्याला एक बांबू कायम आडवा बांधलेला असायचा. मानवेल, सातपुड्यातला. हा बांबू आतून जवळजवळ भरीव असतो, लाठ्या त्याच्याच करतात. बुडाशी अंगठ्याएवढा आणि शेंड्याला काडीसारखा. लांबी दोन पुरुष. तंगूस काठीपेक्षा हातभर आखूड, मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगा, एक गळ, आणि गांडूळ. रीळ वगैरे काही नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर गुडघाभर पाण्यासाठी.

मला वाटायचं, लांब काठी लांब पोचायला असते. बाबांनी पहिल्याच दिवशी तो गैरसमज काढला. त्यांना समोरच्या काठापर्यंत पोचायचंच नव्हतं. त्यांना स्वतःला मागे ठेवायचं होतं. पाण्याच्या कडेपासून चार पावलं मागे, झुडपाच्या आडोशाला उकिडवे बसायचे आणि तिथून काठीचं फक्त टोक पाण्यावर न्यायचे. मी उभा राहिलो की म्हणायचे, "बस. तुनी सावली पानीमा पडनी का मासा पयी गया." पयी गया म्हणजे पळाला. डोहातल्या माशाला घाबरला तर खाली जाता येतं. उथळातल्याला खाली जागाच नसते, म्हणून तो आधीपासूनच पळायच्या तयारीत असतो.

पुढे कॉलेजात प्रकाशाचं वक्रीभवन शिकलो तेव्हा मला बाबांचं ते 'बस' आठवलं. पाण्याखालून मासा वर बघतो तेव्हा बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आकाश, झाडं, माणसं, सगळं साधारण ९७ अंशांच्या शंकूत कोंबलेलं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात तळच दिसतो. आता या खिडकीत जे उंच आणि जवळ आहे ते मध्यावर स्पष्ट येतं, आणि जे बुटकं आणि लांब आहे ते कडेला चेपून, पुसट होऊन जातं. म्हणजे काठावर ताठ उभा राहिलेला मी माशाच्या खिडकीत चांगला आत डोकावत होतो, आणि चार पावलं मागे उकिडवे बसलेले बाबा खिडकीच्या चौकटीत कुठेतरी चिकटले होते. बाबांना अंश माहीत नव्हते. पण बसायचं कुठे हे त्यांचं कधी चुकलं नाही.

दुसरी एक गंमत. बाबा मासे धरताना बिडी ओढायचे, खोकायचे, मोठ्यानं गप्पा मारायचे. पण मी गोट्यांवरून दोन पावलं चाललो की डोळे वटारायचे! मला हा सरळ अन्याय वाटायचा. खरं तर त्यांचंच बरोबर होतं. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो, आत फारच थोडा शिरतो. पण पावलांचा धक्का जमिनीतून थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं पळतो. शिवाय माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिनं त्याला पाण्याची बारीकशी हालचालही कळते. बिडी चालेल, पाऊल नको.

आता हे सगळं भाच्याच्या बर्फावर नेऊन ठेवा. तिथे तर माणूस माशाच्या छपरावरच उभा असतो! बुटाखाली बर्फ करकरतो तो थेट खाली. वर हिम साचलेलं असलं तर खाली अंधार, आणि त्या अंधारात तुमचं भोक म्हणजे एकच उजेडाचा झरोका. त्या झरोक्यावर तुम्ही वाकलात की दिवा मालवल्यासारखं होतं. बर्फ स्वच्छ काचेसारखा असला तर आणखी पंचाईत, तुम्ही बुटासकट दिसता. वीस फुटांवरच्या माशाला त्याचं फारसं काही नाही. चार फुटांवरच्याला आहे. म्हणून ते म्हातारे गृहस्थ भोकापासून काठीभर लांब उभे होते. पोचायला नाही, मागे राहायला.

आणखी एक कारण आहे, ते मला भाच्यानंच सांगितलं, आणि मग मला बाबांच्या काठीचा शेंडा काडीसारखा का होता ते नीट कळलं. खोल पाण्यात बरीच दोरी सुटलेली असते, मासा हिसका देतो तेव्हा ती दोरी ताणते आणि हिसका पोटात घेते. उथळात दोरीच चार फूट, ती काय ताणणार? सगळा हिसका काठीवर येतो. काठी आखूड आणि ताठ असली तर दोरी तुटते किंवा माशाचा ओठ फाटतो. लांब, लवचीक काठी वाकते आणि निभावून नेते. वर काढायचंही सोपं. काठी चार फूट, हात उंचावला की टोक बर्फापासून आठेक फुटांवर जातं, खाली पाणी पाच फूट. म्हणजे रीळ न फिरवता मासा सरळ बाहेर. त्या थंडीत ओली दोरी काठीच्या कड्यांमध्ये गोठून बसते म्हणे, तेव्हा जितकी कमी गुंडाळावी तितकं बरं. बाबांच्या काठीला कडीच नव्हती. तो प्रश्न त्यांनी मुळातूनच निकालात काढला होता. :)

मासा टोचतो तेही तिकडे फार हलकं असतं. थंडीत त्याचं अंगच मंदावलेलं, तो झडप घालत नाही, ओठानं चाखून बघतो. ते कळावं म्हणून काठीच्या टोकाला बारीक तारेची स्प्रिंग लावतात, ती हलली की ओढायचं. आणि आमिष नुसतं सोडून बसायचं नाही, मनगटानं हलकेच वर-खाली नाचवायचं. लांब काठीत मनगट जरासं हललं तरी टोक वीतभर हलतं, त्यामुळे हात फार स्थिर लागतो. भाचा म्हणतो मला अजून ते नीट जमत नाही. बसेल हात.

बरं, एवढ्या कडाक्यात मासा उथळात करतो काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तर पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे तुलनेनं उबदार पाणी तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो, ते शाळेतलं प्रकरण. पण मासा फक्त ऊब बघत नाही, श्वासही बघतो. उथळ खाड्या सगळ्यांत आधी गोठतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत तिथलं पाणगवत अजून हिरवं असतं. उजेड पोचतो तोवर ते प्राणवायू सोडत राहतं, त्यात किडे-मकोडे असतात, म्हणून ब्लूगिल, क्रॅपी, पर्च अशी मंडळी तिथे गोळा होतात. जानेवारीत हिम दाट साचलं की उजेड बंद, गवत मरतं, कुजतं, आणि कुजताना उलट प्राणवायू खातं. मग मासे खोल पाण्याकडे सरकतात. ज्या तळ्याला खोल जागाच नाही तिथे कधी कधी सगळेच्या सगळे गुदमरून मरतात आणि वसंतात बर्फ वितळल्यावर काठाला लागतात. तेव्हा उथळ पाण्याची लांब काठी तिकडेही बारमाही नाही. सुरुवातीचे काही आठवडे, आणि शेवटी बर्फ सुटायला लागतो ते काही.

बाबांच्या काठीचाही हंगाम होता. एकदा नव्हे, दोनदा. उन्हाळ्यात पहाटे, आणि मग आषाढात. आषाढातलं सांगायचं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला, कारण इथे आमच्या घरातले बरेच जण वाचतात. पण सांगतो.

तापीला पूर येऊन उतरला की नदीकडेच्या शेतांत, नाल्यांत डबकी राहायची, गवतानं भरलेली. त्यात मरळ असायचे. मरळ हा सापासारख्या डोक्याचा मासा, वर येऊन हवा घेतो, म्हणून गढूळ डबक्यातही जगतो. पावसाळ्यात त्याची पिल्लं होतात. नारिंगी-लाल, शेकडो, सगळी मिळून एक गोळा करून फिरतात आणि हवा घ्यायला एकदम वर येतात, तेव्हा तेवढ्याच जागी पाऊस पडल्यासारखं दिसतं. आणि त्या लाल गोळ्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. जवळ काहीही आलं तरी अंगावर जातात. बेडकी आली तर बेडकी. भुकेनं नव्हे, रागानं.

हे ज्याला माहीत आहे त्याला मरळ धरणं फार सोपं. लांब काठी, आखूड तंगूस, गळाला लहानशी बेडकी, आणि लांबून त्या लाल ठिपक्यावर टुचुक टुचुक नाचवायची. पाचव्या-सहाव्या वेळेला पाणी फुटतं. बाबा हे करायचे नाहीत. मी हट्ट केला की म्हणायचे, लाल रंग जाऊ दे, मग बघू. पिल्लं मोठी होतात तसा त्यांचा लाल रंग जातो, आणि मग आई-बाप त्यांना सोडतात.

एका वर्षी त्यांनी केलं. मी सोबत होतो, नऊ-दहा वर्षांचा. त्यांनी काठी उचलली, बेडकी बांधली, आणि मी विचारलं, बाबा, अजून लाल आहेत ना? त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "पोरे उपाशी सेतस." मला वाटलं ते मरळच्या पिल्लांबद्दलच बोलताहेत.

मरळ मोठा होता, त्यांच्या कोपरापासून बोटांपर्यंत. बाबांनी तो धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि घरी गेले. आमचं घर माळकरी, मासा आमच्या ओट्यावरही चालायचा नाही, त्यामुळे मी धरलेले मासेही नेहमी त्यांच्याकडेच जायचे. दुसऱ्या दिवशी मी एकटाच डबक्यावर गेलो. गोळा विस्कटला होता, तीन-चार लहान ठिपके झाले होते आणि काठावर बगळे उभे होते. तिसऱ्या दिवशी एकही ठिपका नव्हता.

त्याच आठवड्यात बाबांनी आमच्याकडे दाण्याची उचल मागितली होती आणि आमच्या घरातून 'बाजारच्या दिवशी बघू' असं उत्तर गेलं होतं. हे मला आईनं सांगितलं, तेही तीस वर्षांनी, बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशी. घरातल्या कुणी यावर मला फोन करू नये. जे होतं ते लिहिलंय.

पुढे तापी बदलली. खाली गुजरातेत उकाईचं धरण १९७२ मध्येच पूर्ण झालं होतं. मग आमच्याकडे प्रकाशाला आणि सारंगखेड्याला नदीवर बॅरेज झाले. पावसाळ्यानंतर दरवाजे बंद झाले की नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडुंब. दिसायला फार सुंदर दिसतं, आणि पाण्याचा शेतीला उपयोग आहे हे मी नाकारत नाही, आमच्या भाऊबंदांचीच शेतं आहेत तिथे. पण खळखळणारे पट्टे बुडाले. डोह आणि उथळ हा भेदच गेला, सगळाच डोह. आणि डोहाला लागतात जाळी, होडी, आणि कागद. मोठ्या जलाशयात मासेमारीचा ठेका असतो, मच्छीमार सहकारी संस्था असतात, सभासदत्व असतं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. वर नर्मदेकाठी, सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. तिथल्या विस्थापितांनी मच्छीमार संस्था उभ्या केल्या आणि त्या खोल पाण्यावर आपला हक्क सांगितला. सांगायलाच हवा होता. पण एक बांबू आणि हातभर कमी तंगूस एवढ्यावर ज्याचं भागायचं, अशा म्हाताऱ्या सालदाराला, बाईला, पोराला संस्थेचं पाणी उपयोगाचं नाही. त्याला उथळ लागतं. नकाशावर कुठल्याही धरणाचं बुडित क्षेत्र लिहिलेलं असतं, पण किती उथळ गेलं ते कुणी लिहीत नाही.

उथळ पूर्णपणे गेलं मात्र नाही, ते सरकलं. हे मला गेल्या वर्षी कळलं. बाबांची नात उकाईच्या फुगवट्याकडे, नवापूरच्या बाजूला दिलेली आहे. जानेवारीत तिच्याकडे गेलो होतो. जलाशय दिवाळीनंतर उतरायला लागतो, रोज थोडाथोडा, आणि मागे गाळ उघडा पडत जातो. त्या गाळावर लोक गाळपेर करतात, हरभरा वगैरे. आणि पाण्याच्या कडेला एक उथळ पट्टा कायम असतो, फक्त आज इथे तर आठ दिवसांनी आणखी पुढे.

ती तिथे उभी होती, सोबत सासू. दोघींच्या हातात बांबू, दोन पुरुषांहून लांबच. मी म्हटलं, वा, आजोबांची काठी! मासा लांब राहून धरायचा, सावली पडू द्यायची नाही, मला माहितीये. माझं भाषण तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं नाही काका. पुढं गाळ आहे. कंबरेपर्यंत माणूस जातो. पाण्यापर्यंत जाताच येत नाही, म्हणून लांब."

म्हणजे तीच काठी, तेवढीच लांब, पण इथे खरोखर पोचायलाच.

तिला चिलापी लागत होत्या, तळहाताएवढ्या. तापीत पूर्वी नव्हत्या त्या, बाहेरून आलेला मासा, पण आता त्याच जास्त मिळतात आणि भाजून बऱ्या लागतात म्हणाली. तासाभरात दोघींना मिळून नऊ लागल्या. पाण्यात जरा आत संस्थेच्या होड्या उभ्या होत्या. त्यांची जाळी इथवर येत नाहीत का विचारलं, तर म्हणाली गाळात अडकतात, म्हणून सोडतात. मी तिला भाच्याचे फोटो दाखवले. पांढरं तळं, भोक, टोपीपासून बुटापर्यंत गुंडाळलेला भाचा, हातात ती चार फुटी काठी. काठी बघून दोघी हसल्या. एवढीशी?

मग तिनं फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. थंडी किती, मासा कोणता, खाऊन बघितला का, यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते असं: "तळं गोठल्यावर ठेका कुणाचा असतो?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच भाच्याला लावला, तिकडे रात्र होती, तरी उचलला त्यानं. ठेका-बिका नसतो म्हणाला. माणशी वर्षाचा परवाना काढायचा, दिवसाला किती मासे न्यायचे ते ठरलेलं, आणि बर्फात एकाला दोन दोऱ्या सोडता येतात. बस. मग कुठेही भोक पाडा.

मी तिला सांगितलं. तिनं सासूला त्यांच्या बोलीत समजावलं. दोघींमध्ये थोडी चर्चा झाली, मला काही ती कळली नाही. मग नात माझ्याकडे वळून म्हणाली, "माणशी दोन म्हणजे आम्हा दोघींच्या चार काठ्या. बांबू आहेत घरी."